दिसणारी शीर, बंद खोली

विलगीकरणाच्या खोलीतल्या रुग्णाला सेंट्रल लाइन टाकायची असली, की निम्मं काम दाराबाहेरच उरकावं लागतं. ट्रॉलीवर एकेक वस्तू बघून घेतली जाते. निर्जंतुक गाऊन, रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत झाकणारी चादर, क्लोरहेक्झिडिन, लिग्नोकेन, तीन तोंडांचं कॅथेटर, गाईडवायर, डायलेटर, सलाईन भरलेल्या सिरिंज, टाक्यांचं सामान, पारदर्शक ड्रेसिंग, सोनोग्राफीच्या प्रोबवर चढवायचं लांब आवरण आणि निर्जंतुक जेलचं छोटं पाकीट. आत गेल्यावर हे पाकीटच राहिल्याचं लक्षात आलं, तर काचेवर टकटक करून खुणेनं मागावं लागतं. बाहेर कोणी नसेल, तर एकानं पीपीई उतरवून, हात धुऊन, नवा पीपीई चढवून परत येईपर्यंत सगळं खोळंबतं. रक्तदाब खाली घसरत असलेल्या रुग्णाला तेवढा वेळ नसतो.

सेंट्रल लाइन म्हणजे मान, कॉलरबोनखालची जागा, जांघ किंवा दंड यांपैकी कुठून तरी शिरून हृदयाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या शिरेपर्यंत पोचवलेली बारीक नळी. हाताच्या शिरेतून दिलं तर ती शीर जाळून टाकेल असं औषध, रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनॅलिन, केमोथेरपी, दिवसचे दिवस चालणारं पोषण, हे सगळं इथून जातं. डायलिसिसलाही अशीच, पण जाड नळी लागते. अतिदक्षता विभागात ही रोजची गोष्ट आहे. मात्र हीच गोष्ट बंद खोलीत करायची झाली की तिची गणितं बदलतात. त्यात विलगीकरणाचेही दोन प्रकार आहेत. एका खोलीतल्या रुग्णापासून बाहेरच्यांना जपायचं असतं. कोविड, इबोला, औषधांना न जुमानणारा क्षय हे त्यातले. दुसऱ्या खोलीत बाहेरच्या जगापासून रुग्णाला जपायचं असतं, कारण अस्थिमज्जा रोपणानंतर त्याची प्रतिकारशक्ती जवळपास शून्यावर आलेली असते. दोन्ही ठिकाणी लाइन लागते आणि दोन्ही ठिकाणी ती खाटेपाशीच टाकावी लागते. रुग्णाला ऑपरेशन थिएटरपर्यंत किंवा रेडिओलॉजी विभागापर्यंत नेणं म्हणजे अख्ख्या वाटेवर जंतू पसरवणं, नाहीतर वाटेवरचे जंतू रुग्णाला देणं.

या नळीची सुरुवातही दंडातूनच झाली. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरनं स्वतःच्या कोपरापाशी शीर उघडली, मूत्रवाहिनीसाठी बनवलेलं कॅथेटर ६५ सेंटिमीटर आत सारलं आणि त्याच अवस्थेत चालत एक्स-रेच्या खोलीत जाऊन त्याचं टोक हृदयात पोचल्याचं पाहिलं. वरिष्ठांनी त्याला मना केलं होतं. १९५६ साली कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९५२ साली, रोबेर ओबान्याक या फ्रेंच शल्यचिकित्सकानं कॉलरबोनखालच्या शिरेत सुई घालण्याची पद्धत मांडली आणि १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी आज जगभर वापरली जाणारी युक्ती सुचवली : आधी सुई, सुईतून तार, मग सुई काढून तारेवरून नळी. सात दशकांनंतरही लाइन टाकणारा प्रत्येक डॉक्टर हाच क्रम पाळतो.

प्रश्न होता तो सुई नेमकी कुठे टोचायची याचा. मानेतली मोठी शीर, म्हणजे इंटर्नल जुग्युलर, बाहेरून दिसत नाही. मानेच्या स्नायूच्या दोन मुळांमधला त्रिकोण शोधायचा, डाव्या हाताच्या बोटांनी कॅरोटिड धमनीचा ठोका धरून ठेवायचा, त्याच्या बाहेरच्या अंगाला सुई ठेवून स्तनाग्राच्या दिशेनं हळूहळू आत जायचं आणि सिरिंजमध्ये काळसर रक्त येण्याची वाट बघायची. हे सगळं स्पर्शावर चालायचं. मुरलेले भूलतज्ज्ञ असं काम मिनिटभरात करत, पण प्रत्येक माणसाची शीर पुस्तकात दाखवलेल्या जागी असेलच असं नाही. काहींची शीर धमनीच्या डोक्यावर चढून बसलेली असते, काहींची दोऱ्याएवढी बारीक असते. लठ्ठ रुग्णाच्या मानेत त्रिकोणच सापडत नाही. पाणी कमी पडलेल्या रुग्णाची शीर सुईच्या दाबानं मिटून जाते.

आता यावर विलगीकरणाची भर घाला. हातात दोन-दोन हातमोजे, त्यामुळे धमनीचा ठोका पुसट लागतो. गॉगलवर वाफ. कानात स्टेथोस्कोप घालता येत नाही, म्हणजे फुप्फुसात हवा नीट जाते आहे की नाही हेही ऐकून कळत नाही. स्पर्श आणि श्रवण ही ज्या जुन्या कौशल्याची दोन अंगं, तीच दाराबाहेर ठेवून आत जावं लागतं. म्हणून या खोलीत सोनोग्राफीला सोय किंवा चैन म्हणणं चुकीचं ठरेल. तिथे डॉक्टरजवळ शाबूत राहिलेलं एकच इंद्रिय म्हणजे डोळे, आणि सोनोग्राफी त्या डोळ्यांना कातडीखालचं दाखवते.

ती काय दाखवते, हे जवळून बघण्यासारखं आहे. मानेवर आडवा प्रोब ठेवला की पडद्यावर शेजारीशेजारी दोन काळी वर्तुळं दिसतात. एक गोल, जाड भिंतीचं, ठोक्यागणिक उडणारं. ती धमनी. दुसरं थोडं मोठं, पातळ भिंतीचं, श्वासाबरोबर लहानमोठं होणारं. ती शीर. प्रोबनं हलका दाब दिला की शीर चपटी होऊन नाहीशी होते, धमनी तशीच राहते. दाब देऊनही मिटली नाही, तर शिरेत गुठळी असण्याची शक्यता असते आणि ती जागा सोडून द्यावी लागते. जुन्या पद्धतीत ही गुठळी सुई घातल्याशिवाय कळायची नाही.

पण हे चित्र फसवतंही, आणि शिकाऊ डॉक्टरांना हे सांगायला शिक्षक थकत नाहीत. प्रोब आडवा असतो तेव्हा सुईचा फक्त एक छेद दिसतो, पांढऱ्या ठिपक्यासारखा. तो ठिपका सुईच्या टोकाचा आहे की मधल्या दांड्याचा, हे पडद्यावरून ओळखता येत नाही. डॉक्टर ठिपका शिरेत बघून खूश असतो आणि खरं टोक शिरेची मागची भिंत फोडून धमनीत पोचलेलं असतं. यावर उपाय दोन. सुई थोडी पुढे सरकवली की प्रोबही थोडा पुढे सरकवायचा, टोक नजरेआड जाऊ द्यायचं नाही. नाहीतर प्रोब शिरेच्या लांबीच्या दिशेनं फिरवायचा, म्हणजे सुई टोकापासून दांड्यापर्यंत पूर्ण दिसते. मात्र त्यासाठी हात स्थिर लागतो आणि आखूड मानेत तेवढी जागा मिळत नाही. त्यानंतरची पायरी त्याहून महत्त्वाची : तार घातल्यावर, वाट रुंद करणारा डायलेटर सारण्याआधी, ती तार शिरेतच आहे हे पडद्यावर बघून घ्यायचं. सुईनं धमनीला पडलेलं भोक दाबून धरलं तर बहुधा बंद होतं. डायलेटरनं पडलेल्या भोकाला शस्त्रक्रिया लागू शकते. बंद खोलीत, रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्या रुग्णाला ही चूक झाली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

सोनोग्राफीच्या बाजूचा पुरावा आता भक्कम आहे. १९७८ साली डॉप्लरच्या आवाजावरून शीर शोधायचे प्रयत्न झाले. १९८६ साली जपानमध्ये योनेई आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पडद्यावर बघत मानेतली शीर गाठली. १९९३ साली अमेरिकेत डेनिस आणि सहकाऱ्यांनी ३०२ रुग्णांमध्ये सोनोग्राफी वापरली आणि प्रत्येकाला लाइन टाकता आली. जुन्या पद्धतीच्या गटात हे प्रमाण ८८.१ टक्के होतं. २००६ साली ग्रीसमध्ये काराकित्सोस आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम श्वासावरच्या ९०० रुग्णांचा अभ्यास छापला. जुन्या पद्धतीत १०.६ टक्के रुग्णांच्या धमनीला सुई लागली, सोनोग्राफीच्या गटात १.१ टक्के. फुप्फुसाभोवती हवा साचण्याचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून शून्यावर आलं. २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात मानेतल्या शिरेबद्दलच्या ३५ अभ्यासांतले ५१०८ रुग्ण एकत्र पाहिले गेले. एकूण गुंतागुंत ७१ टक्क्यांनी घटली आणि पहिल्याच प्रयत्नात यश मिळण्याचं प्रमाण ५७ टक्क्यांनी वाढलं. कॉलरबोनखालच्या शिरेसाठी फायदा इतका मोठा दिसला नाही, कारण हाड लहरींच्या आड येतं.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००२ सालीच सोनोग्राफीची शिफारस केली होती. तेव्हा तिथल्या अनेक भूलतज्ज्ञांनी नाकं मुरडली. हाताचं कौशल्य मरेल, यंत्र नसेल तेव्हा काय करणार, अशी त्यांची तक्रार होती. तक्रारीत तथ्य होतं. तरीही पहिल्याच प्रयत्नात सुई लागणं ज्या खोलीत सगळ्यात मोलाचं, तिथे हा वाद उरत नाही. प्रत्येक फसलेली सुई म्हणजे डॉक्टर रुग्णाच्या खोकत्या तोंडापाशी आणखी काही मिनिटं थांबणार. अस्थिमज्जा रोपणाच्या खोलीत प्लेटलेट अगदी खाली गेलेल्या रुग्णाला प्रत्येक जादा टोच म्हणजे मानेत रक्ताची गाठ. भारतातलं पहिलं अस्थिमज्जा रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. आज रोपण होणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा कित्येक आठवड्यांचा मुक्काम एका चांगल्या लाइनवर अवलंबून असतो.

एक्स-रे हा पुढचा अडसर. लाइन टाकल्यावर टोक नेमकं कुठे पोचलं आणि फुप्फुसाला इजा झाली का, हे बघायला छातीचा फोटो काढायचा, ही जुनी रीत. विलगीकरणात त्यासाठी फिरतं यंत्र, ते चालवणारा तंत्रज्ञ, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्लेट आणि नंतर सगळ्याची सफाई इतका खटाटोप करावा लागतो. २०१४ साली अमेरिकेत अटलांटाचं एमरी आणि ओमाहातलं नेब्रास्का या दोन रुग्णालयांनी इबोलाचे रुग्ण घेतले, तेव्हा साध्या छातीच्या फोटोसाठी त्यांना स्वतंत्र कार्यपद्धती लिहून काढावी लागली. एमरीतल्या एका इबोला रुग्णाची मूत्रपिंडं बंद पडली. त्याला बंद कक्षातच डायलिसिस दिलं गेलं आणि तो वाचला. तोवर अशा रुग्णाला डायलिसिस देणं कितपत शक्य आहे, याचीच शंका घेतली जात होती. त्या उपचाराचा पाया होती खाटेपाशी टाकलेली जाड नळी.

एक्स-रेला तीन पर्याय पुढे आले आहेत. त्याच प्रोबनं छातीवर बघितलं की श्वासाबरोबर फुप्फुसाचं आवरण सरकताना दिसतं. ते सरकत असेल तर त्या जागी हवा साचलेली नाही. दुसरा पर्याय बुडबुड्यांचा : हलवून फेसाळलेलं सलाईन लाइनमधून सोडायचं आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात पांढरे ठिपके दोनेक सेकंदांत उमटतात का ते पडद्यावर बघायचं. उशीर झाला तर टोक चुकीच्या जागी आहे. तिसरा पर्याय ईसीजीचा. नळीच्या टोकाशी जोडलेल्या तारेवरून ईसीजी घेतला की टोक हृदयाजवळ जाईल तसतशी पी लहर उंच होत जाते आणि ती सगळ्यात उंच होते तिथे टोक योग्य जागी असतं. २०१७ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात सोनोग्राफीनं खात्री करायला एक्स-रेपेक्षा सरासरी ५८.३ मिनिटं कमी लागल्याचं दिसलं. बंद खोलीत एक तास वाचणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र त्याच विश्लेषणात चुकलेलं टोक पकडण्याची क्षमता ८२ टक्के निघाली. म्हणजे पाचातलं एक चुकलेलं टोक नजरेतून सुटू शकतं. एक्स-रेला कायमची रजा देण्याची घाई करू नये, हे हा आकडाच सांगतो. सोनोग्राफी आणि ईसीजी दोन्ही जुळले तर फोटोसाठी थांबू नये, न जुळले तर फोटो काढावा, ही मधली वाट शहाणपणाची दिसते.

२०२० च्या वसंतात, कोविडच्या साथीत, हे सगळं ज्ञान एकदम कसोटीला लागलं. उत्तर इटलीतल्या रुग्णालयांत शेकडो रुग्णांच्या डोक्यावर श्वासासाठी पारदर्शक हेल्मेट चढवलेलं होतं. हेल्मेटची कड मानेपाशी येते, म्हणजे मानेतली शीर झाकली गेली. रोमच्या जेमेली रुग्णालयातले शल्यचिकित्सक मौरो पित्तिरुती आणि त्यांच्या गटानं त्याच वर्षी शिफारशी छापल्या. त्यांचा रोख सरळ होता. आयसीयूबाहेरच्या रुग्णाला जमेल तिथे सेंट्रल लाइनऐवजी दंडातून टाकलेली मध्यम लांबीची मिडलाइन वापरा. हेल्मेट असेल तर पिक लाइन, म्हणजे दंडातून शिरून हृदयाजवळच्या शिरेपर्यंत जाणारी सेंट्रल लाइन टाका, म्हणजे मान मोकळी राहते आणि डॉक्टरचं तोंड रुग्णाच्या तोंडापासून लांब राहतं. मान आणि दंड दोन्ही शक्य नसतील तर मांडीच्या मध्यावरून जा. जांघेतल्या घामट जागेपेक्षा तिथे ड्रेसिंग चांगलं टिकतं. बिनतारी प्रोब वापरा, कारण तो पूर्ण गुंडाळता येतो आणि पुसताही येतो. टोक ईसीजीनं ठरवा. एका रुग्णासाठी केलेल्या विचारातून साऱ्या वॉर्डाची शिस्त उभी करणारा असा कागद त्या धामधुमीत लिहिला गेला, हे कौतुकाचं आहे.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत नेहमीच्या शस्त्रक्रिया बंद पडल्यानं रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक मोकळे होते. त्यांच्यातून लाइन टाकण्यासाठी खास पथकं तयार झाली. दिवसरात्र एकच काम करणारा माणूस ते काम कमी वेळात आणि कमी चुका करून करतो.

पिक लाइनचं गुणगान मात्र बेतानं केलेलं बरं. दंडातली शीर बारीक असते. तिच्यात जाड नळी बसवली की रक्त वाहायला जागा राहत नाही आणि गुठळी होते. २०१३ साली लॅन्सेटमध्ये विनीत चोप्रा आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या विश्लेषणात इतर सेंट्रल लाइनच्या मानानं पिक लाइनला गुठळीचा धोका जास्त निघाला. म्हणून नळीची जाडी शिरेच्या व्यासाच्या ४५ टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये असा संकेत आहे, आणि शीर मोजायला पुन्हा सोनोग्राफीच लागते. कोविडमध्ये रक्त मुळातच गोठायला टपलेलं होतं. दुसरीकडे, २०१५ साली फ्रान्समधल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात कॉलरबोनखालच्या लाइनला संसर्ग आणि गुठळ्या सगळ्यात कमी दिसल्या, पण फुप्फुसाला इजा होण्याचं प्रमाण तिथेच जास्त, १.५ टक्के. मानेत ते ०.५ टक्के होतं. सगळ्यांना लागू पडेल अशी एक जागा नाही. खोलीत शिरण्याआधी काचेबाहेर उभं राहून हा हिशेब मांडावा लागतो : किती दिवस लागणार, कोणती औषधं जाणार, रुग्ण पालथा झोपवायचा आहे का, डायलिसिस लागेल का. पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता असेल, तर दंडातल्या शिरा राखून ठेवणंच हिताचं.

महाराष्ट्रात कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. मुंबईत चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयानं पहिला भार उचलला. साथीच्या रोगांसाठी शंभरावर वर्षं चाललेली ही रुग्णालयं. पण सेंट्रल लाइनचा प्रश्न आपल्याकडे सर्वसामान्य घरांपर्यंत पोचला तो २०२१ च्या उन्हाळ्यात, म्युकरमायकोसिसमुळे. बुरशीचा हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. तो झालेले अनेक जण मात्र कोविड वॉर्डात होते किंवा नुकतेच तिथून बाहेर पडले होते. त्यांना ॲम्फोटेरिसिन बी आठवड्यामागून आठवडे द्यावं लागत होतं. हे औषध हाताच्या शिरेतून दिलं की शीर सुजते, कडक होते, मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या-पाचव्या दिवशी सिस्टरला सलाईन लावायला जागा सापडेनाशी होते. आयसीएमआरच्या मे २०२१ च्या सूचनापत्रात उपचारांच्या यादीत पिक लाइन टाकण्याचा उल्लेख आला. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी वणवण करणाऱ्या नातेवाइकांच्या कानावर ‘पिक लाइन’ हा शब्द बहुधा पहिल्यांदाच पडला. औषधाच्या टंचाईच्या बातम्या रोज छापून येत होत्या. औषध मिळालं तरी ते शरीरात सुखरूप पोचवणारी वाटही तितकीच दुर्मीळ असू शकते, याकडे लक्ष गेलं ते फक्त वॉर्डात वावरणाऱ्यांचं.

क्षयाचंही असंच. एमएसएफ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेच्या गोवंडीतल्या दवाखान्यानं औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या काही रुग्णांना शिरेतून द्यायचं इमिपेनेम त्वचेखाली बसवलेल्या पोर्टमधून दिलं, म्हणजे रुग्णाला रुग्णालयात महिनोन् महिने अडकून पडावं लागू नये. पोर्ट खाटेपाशी बसवता येत नाही, त्याला थिएटर लागतं. पण लांब चालणाऱ्या उपचारात वाट आधी ठरवावी, शिरा संपल्यावर नाही, हे तिथेही लागू आहे.

भारतात सोनोग्राफीच्या यंत्राबरोबर एक कायदा येतो. तो म्हणजे १९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा. त्याआधी १९८८ सालीच महाराष्ट्रानं या विषयावरचा देशातला पहिला कायदा केला होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. हा कायदा सैल करा असं कोणीही सहज म्हणू नये. मात्र अतिदक्षता विभागातलं, फक्त शिरा बघायला ठेवलेलं यंत्रही नोंदवावं लागतं. २०१२ च्या दुरुस्तीनं हलवता येणारी यंत्रं नोंदणीच्या आवारातल्या दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकापुरतीच मर्यादित केली. साथीच्या दिवसांत मैदानावर उभ्या राहिलेल्या तात्पुरत्या केंद्राला नोंदणीशिवाय शेजारच्या रुग्णालयातून असं यंत्र उचलून आणता येत नाही. आणि खिशात मावणारा, मोबाइलला जोडायचा प्रोब, जो या खोलीसाठी सगळ्यात सोयीचा, तोच लपवायलाही सगळ्यात सोपा असल्यानं कायद्याच्या नजरेत सगळ्यात संशयास्पद ठरतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. शिरांसाठी वापरायचा सरळ प्रोब कातडीखालचे काही सेंटिमीटरच नीट दाखवतो. केवळ असाच प्रोब असलेल्या आणि एका विभागाला बांधलेल्या यंत्रांसाठी वेगळी, झटपट नोंदणी ठेवण्याचा विचार व्हायला हरकत नसावी.

कायद्याचा दुसरा परिणाम मनुष्यबळावर होतो. अमेरिका, ब्रिटन, इटली, चीन इथे पिक लाइन मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षित परिचारिका टाकतात, सोनोग्राफी स्वतः वापरून. आपल्या नियमांत सोनोग्राफी करण्याची पात्रता डॉक्टरांपुरती आहे. रात्री दोन वाजता जिल्हा रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षात असते ती सिस्टर. सोनोग्राफी येणारा भूलतज्ज्ञ त्या वेळी बहुधा सिझेरियनच्या टेबलापाशी अडकलेला असतो.

यंत्र आलं, हात तयार झाला, लाइन पहिल्या फटक्यात बसली. इथवरचा प्रश्न वैद्यकशास्त्रानं बऱ्यापैकी सोडवला आहे. उरलेला प्रश्न लाइन बसल्यानंतरच्या दिवसांचा आहे, आणि या विषयावरच्या लेखनात त्याला मिळणारी जागा अपुरी आहे. २००६ साली प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या १०३ आयसीयूंचा अनुभव मांडला. पाच साध्या गोष्टी : हात धुणं, रुग्णाला पूर्ण झाकणं, क्लोरहेक्झिडिननं त्वचा पुसणं, शक्यतो जांघ टाळणं आणि गरज संपली की लाइन काढणं. दर हजार लाइन-दिवसांमागे रक्तातल्या संसर्गाचं सरासरी प्रमाण दीड वर्षात ७.७ वरून १.४ वर आलं. भारतातल्या २६ रुग्णालयांच्या ८९ आयसीयूंमधून २०१७-१८ मध्ये गोळा झालेल्या माहितीत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त होतं. ही साथीआधीची, उघड्या वॉर्डांतली अवस्था. साथीत अमेरिकेतसुद्धा, जिथे हे आकडे वर्षानुवर्षं उतरत होते, २०२० च्या शेवटच्या तिमाहीत लाइनचा संसर्ग आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा ४७ टक्क्यांनी वाढला.

कारणं खोलीतच सापडतात. पीपीई वाचवायला सिस्टर दिवसातून कमी वेळा आत जातात, मग एकाच फेरीत दहा कामं. लाइनचं तोंड पंधरा सेकंद घासून पुसायचं असतं, तिथे घाईत एकदा पुसलं जातं. औषधाचे पंप खोलीबाहेर ठेवून लांब नळ्या दाराखालून नेल्या जातात आणि प्रत्येक जोड ही जंतूंना एक नवी वाट असते. पालथ्या झोपवलेल्या रुग्णाचं मानेवरचं ड्रेसिंग लाळेनं आणि घामानं सुटतं, ते बाहेरून दिसत नाही. सोनोग्राफीचं सामानही यातून सुटत नाही. २०२१ साली अमेरिकेत एका कंपनीचं जेल बर्कहोल्डेरिया जंतूंनी दूषित असल्याचं उघड झालं आणि रुग्णांच्या रक्तापर्यंत ते जंतू पोचले. म्हणून सुई जिथे घालायची तिथे बाटलीतलं जेल चालत नाही, एकदाच वापरायचं निर्जंतुक पाकीटच लागतं. पाकिटाचे पैसे वाचवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडायला हवी.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती पाचवी गोष्ट, लाइन काढणं. उघड्या वॉर्डात राउंडला येणारा प्रत्येक डॉक्टर मानेतून लोंबणारी नळी बघतो आणि कोणी तरी विचारतं, ही अजून हवी का? विलगीकरणात राउंड काचेबाहेरून होतो. रुग्णाचा श्वास, ऑक्सिजन, तपासण्यांचे आकडे यांची चर्चा होते. नॉरॲड्रेनॅलिन बंद होऊन तीन दिवस झालेले असतात आणि लाइन तशीच असते. कोविडच्या काळात कित्येक आयसीयूंमध्ये काचेवर मार्करनं व्हेंटिलेटरचे आकडे लिहायची पद्धत पडली. त्याच काचेवर लाइन टाकल्याची तारीख, जागा, शेवटचं ड्रेसिंग कधी बदललं आणि आज तिची गरज आहे की नाही, एवढ्या चार नोंदी बाहेरून वाचता येतील अशा लिहिल्या, तर त्याला ना नवं यंत्र लागतं ना नवी नोंदणी. ते लिहायची जबाबदारी त्या दिवशी आत जाणाऱ्या सिस्टरची, आणि ‘गरज नाही’ असं लिहिलेलं दिसल्यावर त्याच पाळीत लाइन काढायचा आदेश देण्याची जबाबदारी राउंड घेणाऱ्या डॉक्टरची.